विजेटची ओळख : नाव आणि मथळा

संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या खिडकीत बटणे, मजकुराच्या चौकटी, याद्या असे अनेक घटक असतात. त्यांना विजेट म्हणतात. वापरणारा मनुष्य ते डोळ्यांनी ओळखतो. आज्ञावलीला डोळे नसतात. कोणते बटण दाबले गेले, हे तिला अन्य मार्गाने कळावे लागते.

बटणावरील मथळ्यावरूनच त्याची ओळख पटवावी, असे नवशिक्यास साहजिकच वाटते. एखाद्या ग्रंथालयाची आज्ञावली याच रीतीने इंग्रजीत लिहिली आहे, अशी कल्पना करावी. पुढे ती मराठीत आणली आणि बटणावर ‘सेव्ह’च्या जागी ‘जतन करा’ आले. आज्ञावली मात्र ‘सेव्ह’ हाच मथळा शोधीत राहील. बटण दाबले गेल्याचे दिसेल, परंतु ग्रंथपालाने दिवसभर भरलेल्या नोंदी साठविल्या जाणार नाहीत! म्हणून मथळा माणसासाठी व नाव आज्ञावलीसाठी, अशी फारकत करावी लागते.

‘टी-के’ या विजेटसंचात ही व्यवस्था फार स्पष्ट दिसते. १९८८ साली ‘टिकल’ ही भाषा निर्माण करणारे जॉन ऑस्टरहाउट यांनीच हा संच रचला. त्यात मुख्य खिडकीचे नाव म्हणजे नुसते एक टिंब. तिच्यातील चौकट ‘.फॉर्म’, आणि त्या चौकटीतील बटण ‘.फॉर्म.सेव्ह’. टपालाच्या पत्त्यात गाव व गल्ली यावी, तसे येथे नावातच विजेटचे ठिकाण येते. एकाच चौकटीत दोन विजेटांना एक नाव चालत नाही. निराळ्या चौकटींत चालते. अर्थात बटण दुसऱ्या चौकटीत हलविले की त्याचे पूर्ण नावही बदलते, ही या पद्धतीची अडचण होय.

पायथॉन भाषेतून हाच संच वापरताना नाव न दिल्यास ‘!बटन’, ‘!बटन२’ अशी नावे आपोआप पडतात. मध्येच एक नवे बटण घातले की पुढील अंक सरकतात. त्यांवर विसंबणे धोक्याचे. ‘क्यू-टी’ संचात नाव ऐच्छिक असून ते दोन विजेटांना सारखे असले तरी तक्रार होत नाही. ही सवलत सोयीची खरी, पण चूक दडवून ठेवणारी.

दृष्टिहीन व्यक्तीला पडदा वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीस या आंतरिक नावाचा सहसा उपयोग नसतो. चित्र असलेल्या, परंतु मथळा नसलेल्या बटणासाठी ‘क्यू-टी’मध्ये उच्चारावयाचे नाव निराळे नोंदता येते. ते राहून गेले, तर ऐकणाऱ्याच्या कानी केवळ ‘बटण’ एवढाच शब्द पडण्याचा संभव असतो.