तिलावत येते, मतलब कधी?

आजची आयत: सूरह इब्राहीम, आयत 4



आजच्या आयतीचा मतलब थोडक्यात असा. अल्लाहने जो जो रसूल पाठवला, तो त्याच्या कौमची भाषा बोलणाराच पाठवला. कशासाठी? लोकांना नीट उलगडून सांगता यावं म्हणून. म्हणजे समजणं हे जादाचं काम नाही, पैगाम येतोच त्यासाठी.

आता आपल्याकडे बघा. बीड, आष्टी, गेवराईकडून पुण्या-मुंबईला नोकरीसाठी आलेल्या बऱ्याच जणांचं चित्र सारखंच असतं. लहानपणी मक्तबमध्ये नाजरा कुरआन पूर्ण झालं. घरात दखनी, शाळा मराठी, ऑफिसात इंग्रजी. दिवसाच्या 17 फर्ज रकअतींमध्ये सूरह फातिहा 17 वेळा येते. तिच्या आयती फक्त 7. पण त्या सातांचा शब्दाशब्दाने अर्थ विचारला, की गाडी अडते. मग विशी-पंचविशीत मनात येतं, मला हे समजून घ्यायचंय. तसं बोलून दाखवलं की घरचे धास्तावतात. "लई खोलात जाऊ नको, शंका येतील."

पण शंका वेगळी आणि प्रश्न वेगळा. सूरह बकरहच्या 260व्या आयतीत हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम खुद्द अल्लाहला विचारतात, मेलेल्यांना तू जिवंत कसं करतोस ते मला दाखव. तुझं ईमान नाही का, असं विचारल्यावर ते सांगतात, ईमान आहे, फक्त दिलाला करार हवाय. त्यांना झिडकारलं गेलं नाही. चार पाखरं घ्यायला सांगून उत्तर दिलं गेलं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. आष्टी तालुक्यातल्या वाहिऱ्याचे शेख महंमद, पुढे श्रीगोंद्याला स्थायिक झालेले. मुसलमान घरात जन्म, कादरी सिलसिल्यातल्या दौलताबादच्या चांद बोधल्यांकडे तालीम, आणि लिहिलं मुख्यतः मराठीत. त्यांचा 'योगसंग्राम' 1645चा, 18 प्रसंगांचा. विषय काय, तर माणसाची स्वतःच्या विकारांशी लढाई. आपण ज्याला नफ्सशी झगडणं म्हणतो तेच. ढोंगी पीर-गुरूंवर त्यांनी केलेली टीका तर आजही झोंबेल. त्यांच्या लिखाणात योग-वेदान्ताची भाषा भरपूर आहे, आणि ती वाचून एखादा आलिम मान हलवेल, हेही खरं. सगळं मान्य करा असं मी म्हणत नाही. मला मोठी वाटते ती एकच गोष्ट : दीनबद्दल त्यांनी आपल्या बोलीत विचार केला, आणि तो उस्तादापुढे बसून केला. अर्ध्या मिनिटाची रील बघून नव्हे!

घाई तर अजिबात नको. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये नोंद आहे, की हजरत अब्दुल्लाह बिन उमर यांनी एकटी सूरह बकरह शिकायला आठ वर्षं घेतली. त्यांची तर मातृभाषाच अरबी होती.

म्हणून सुरुवात फातिहापासूनच करू. 'रब' या शब्दाला मराठीत आपण पालनहार म्हणतो. अरबीत त्यात मालकी आहेच, शिवाय हळूहळू वाढवत पूर्णत्वाला नेणंही आहे. पुढे 'यौमिद्दीन' येतं. मराठी कानाला 'दीन' म्हणजे गरीब, लाचार. घरी 'दीन' म्हणजे मजहब. इथे मात्र अर्थ आहे हिशेब, केल्याचा बदला. तो दिवस हिशेबाचा! हा एक शब्द कळला तरी त्या आयतीवर जीभ पूर्वीसारखी सरसर पळत नाही, बघा करून.

मराठी अनुवाद छापील मिळतात. एक जवळ ठेवा. नमाज अरबीतच होणार आणि अनुवाद म्हणजे कुरआन नव्हे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण समजायला त्याचा आधार घेण्यात कमीपणा कसला? जिथे अडेल तिथे वहीत खूण करा आणि जुम्याला मशिदीत एखाद्या जाणत्या माणसाला गाठून विचारा. एकाने टाळलं तर दुसऱ्याकडे जा. घरच्यांनाही सोबत घ्या. अम्मीला 'यौमिद्दीन'चा मतलब विचारून तर बघा, कदाचित त्याही कधीपासून कुणाला तरी विचारायचं म्हणत असतील.

आज इशानंतर फातिहाच्या फक्त पहिल्या तीन आयती अर्थासह वाचूया. बाकीच्या परवा.

उद्याची आयत: सूरह मुज्जम्मिल, आयत 4. ठहर ठहर के, म्हणजे थांबत थांबत वाचण्याबद्दल.