ऋणायनांची पारख

वैभववाडीकडे कोकमाचे दिवस आले म्हणजे घरोघरी आगळ करितात. कोकमाच्या रसात मीठ घालून तो बरणीत भरून ठेवितात. थोड्याच वेळात मीठ दिसेनासे होते. परंतु चव घेतली की ते रसातच असल्याची खात्री पटते. मग ह्या मिठाचे होते तरी काय?

मीठ पाण्यात विरघळले म्हणजे त्याचे दोन जातींचे अतिसूक्ष्म कण सुटे होतात. त्यांना आयन म्हणतात. सोडियमच्या आयनावर धन विद्युत्भार असतो, म्हणून तो धनायन होय. क्लोराइडच्या आयनावर ऋण विद्युत्भार असतो, म्हणून तो ऋणायन होय. पाण्याचे रेणू अशा प्रत्येक आयनाभोवती कडे करून त्याला धरून ठेवितात.

सगळेच ऋणायन क्लोराइडासारखे निरुपद्रवी नसतात. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड हा ऋणायन फार आढळतो. एका लिटर पाण्यात तो दीड मिलिग्रॅमहून अधिक असला तर ते पाणी पिण्यास योग्य मानीत नाहीत. असे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्या मुलांच्या दातांवर डाग पडतात. पुढे हाडांनाही अपाय होतो. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ह्यावर तुरटी व चुना वापरण्याची एक रीत शोधून काढली. ती ‘नलगोंडा पद्धत’ म्हणून प्रसिद्ध आहे. तुरटीचा साका फ्लोराइडाला घेऊन तळाशी बसतो. पण त्याबरोबर पाण्यातील गढूळपणाही ओढून नेतो. तेव्हा प्रश्न असा की, अनेकांतून नेमका एकच ऋणायन ओळखून धरील असा रेणू माणसाला घडविता येईल काय?

१९६८ साली अमेरिकेतील पार्क व सिमन्स ह्या रसायनशास्त्रज्ञांनी ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर दिले. त्यांनी पिंजऱ्यासारखा एक पोकळ रेणू तयार केला. त्याच्या दोन टोकांना नायट्रोजनचा एकेक अणू होता आणि ही टोके कार्बनच्या तीन साखळ्यांनी जोडलेली होती. हा रेणू आम्लात टाकला की दोन्ही नायट्रोजनांना एकेक हायड्रोजन चिकटतो व तेथे धन विद्युत्भार येतो. मग क्लोराइड पोकळीत ओढला जातो आणि दोन्ही बाजूंनी धरला जातो. पाहुणा रेणूच्या पोटात जातो, म्हणून ‘गिळणे’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी ह्या जोडीला नाव दिले. पुढे अशा पारखी रेणूंच्या अभ्यासाबद्दल पेडरसन, क्रॅम व लेन ह्या तिघा शास्त्रज्ञांना १९८७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

असा रेणू घडविताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली आकारमान : क्लोराइडाचा व्यास फ्लोराइडाच्या सुमारे १.४ पट असतो, म्हणून एकाची पोकळी दुसऱ्याला चालत नाही. दुसरी घडण : क्लोराइड गोल, नायट्रेट सपाट त्रिकोणी, तर सल्फेट चार कोपऱ्यांचा असतो. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. पाण्याने ऋणायनाला आधीच धरलेले असते. त्या पकडीहून रेणूची पकड बळकट असावी लागते. फ्लोराइडावर तर पाण्याची पकड फारच घट्ट असते.

हे काम महाराष्ट्रातही चालले आहे. आपल्या शरीरातील पेशींच्या आवरणातून क्लोराइडची सतत ये-जा होत असते. काही आजारांत ही वाट बंद पडते व फुप्फुसांत चिकट कफ साचतो. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत प्रा. पिनाकी तालुकदार व त्यांचे सहकारी क्लोराइडला धरून अशा आवरणापलीकडे नेणारे रेणू तयार करितात.

घट्ट धरणे एवढेच पारखी रेणूचे काम नव्हे. हवे ते धरावे, नको ते सोडावे, आणि योग्य जागी धरलेलेही सोडून द्यावे, हे त्याचे खरे कौशल्य होय. विहिरीच्या पाण्यातून केवळ फ्लोराइड वेचून काढणारा, स्वस्त व टिकाऊ रेणू गावोगावी पोहोचविणे हे मोठे काम आहे. त्यासाठी नव्या अभ्यासकांची गरज आहे.

स्वाध्याय
१. धनायन व ऋणायन ह्यांतील फरक सांगा.
२. पार्क व सिमन्स ह्यांच्या रेणूत क्लोराइड कसा धरला जाई?
३. पाण्यातून फ्लोराइड वेगळा करणे अवघड का आहे?