घाटाचा उतार आणि मोटारसायकलचा ब्रेक



पावसाळा लागला की आपल्या दिव्याहून कितीतरी तरुण सुटीच्या दिवशी मोटारसायकलींवरून माळशेज घाट पाहावयास जातात. शीळ फाट्यावरून कल्याण, पुढे मुरबाड, टोकावडे आणि मग घाट, असा त्यांचा मार्ग असतो. या मार्गाचा एक विशेष फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जाताना घाट चढावयाचा असतो आणि येताना उतरावयाचा असतो. म्हणजे ब्रेकची खरी कसोटी सकाळी, अंगात हुशारी असताना लागत नाही. ती सायंकाळी, कपडे भिजलेले, हात थकलेले आणि घराची ओढ लागलेली असताना लागते. अशा वेळी ब्रेक लागेनासा झाला तर काय करावे, आणि मुळात तसा प्रसंगच येऊ नये म्हणून काय करावे, याचा विचार या लेखात करू.

प्रथम ब्रेक काय काम करतो ते पाहा. ऊर्जा नाहीशी करता येत नाही, तिचे केवळ रूपांतर होते, हा नियम आपण वर्गात शिकलो आहोत. ब्रेक घर्षणाने गतीची उष्णता करतो. समजा, गाडी व तिच्यावरील दोन माणसे मिळून ३०० किलोग्रॅम वजन आहे आणि उताराची उभी उंची ५०० मीटर आहे. तर पायथ्याशी येईपर्यंत सुमारे १४ लक्ष ७० हजार ज्यूल ऊर्जेची वाट लावावी लागते. एवढ्या उष्णतेने २७ अंशांचे पावणेपाच लिटर पाणी उकळीस येईल! हिच्यातील काही भाग वारा घेतो आणि गाडी गिअरमध्ये असेल तर बराच भाग इंजिन घेते. परंतु पेट्रोल वाचविण्याच्या लोभाने जो गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो, तो इंजिनाचा वाटाही त्या लहानशा ब्रेकवर लादतो.

तापलेल्या ब्रेकचे दोन प्रकारांनी बिघडते. ड्रम ब्रेकमधील लायनर अतिशय तापले म्हणजे त्यांची पकड कमी होते. डिस्क ब्रेकमध्ये याखेरीज आणखी एक भय असते. हाताचा दाब चाकापर्यंत ब्रेक ऑइल पोहोचविते. आणि हे तेल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तर ओलाव्यास तोटा नाही. डॉट ४ या प्रकारचे ताजे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पण ओलावा मुरलेल्या त्याच तेलासाठी ही मर्यादा १५५ अंशांवर उतरते. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून लिव्हर मुठीस टेकतो आणि चाकास काहीच कळत नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या इंजिनाच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले, हे चांगलेच झाले. परंतु एबीएस चाक जाम होऊ देत नाही, इतकेच. उकळलेल्या तेलावर त्याचा इलाज चालत नाही.

आता प्रत्यक्ष प्रसंग. ब्रेक लागेना असे दिसताच ॲक्सिलरेटर पूर्ण सोडावा. क्लच दाबून धरू नये, कारण त्याने इंजिनाचा आधार तुटतो. एकेक गिअर क्रमाने खाली आणावा व प्रत्येक वेळी क्लच सावकाश सोडावा; ओल्या रस्त्यावर एकदम गिअर पाडल्यास मागचे चाक घसरते. बहुतेक मोटारसायकलींचे पुढचे व मागचे ब्रेक स्वतंत्र असतात, तेव्हा एक गेला तरी दुसरा हाती असतो. तो झटका न देता चढत्या दाबाने वापरावा. निकामी झालेला हातब्रेक भराभर दाबून सोडून पाहावा; पुष्कळदा थोडा दाब परत मिळतो. हॉर्न व दिवा चालू ठेवून इतरांस सावध करावे. चढाची वाट किंवा मोकळी जागा दिसल्यास तिकडे वळावे. काहीच उपाय न उरल्यास दरीची बाजू टाळून डोंगराच्या अंगची मऊ माती जवळ करावी. पाय टेकवून गाडी थांबविण्याचा प्रयत्न कधीही करू नये. गिअर नसलेल्या स्कूटरला इंजिनाचा हा आधार फार थोडा मिळतो, म्हणून तिचा वेग आरंभापासूनच कमी असावा.

गाडी थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा लागू लागला तरी त्याच्यावर विसंबून घाट उतरणे हे साहस नव्हे, अविचार होय. गाडी टेम्पोत घालून मेस्त्रीकडे न्यावी.

परंतु या सर्व उपायांहून मोठा उपाय उताराच्या माथ्यावर आहे, आणि तो आपल्याला आगगाडी शिकविते. दिव्यावरून धडधडत जाणाऱ्या कित्येक गाड्या पुढे बोरघाटातून जातात. १८६३ साली सुरू झालेल्या या लोहमार्गाचा चढ सदतिसास एक असा आहे. घाट उतरताना तेथे ठरावीक ठिकाणी चढावर जाऊन संपणारे आंधळे रूळ ठेवलेले आहेत. त्यांस कॅच सायडिंग म्हणतात. सांधा नेहमी त्या रुळाकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी पूर्ण थांबते, आपला ब्रेक शाबूत आहे हे सिद्ध करते, मगच तिला पुढची वाट मोकळी होते. ब्रेक चांगला आहे असे तेथे कोणी गृहीत धरीत नाही. तो प्रत्येक वेळी सिद्ध करावा लागतो.

हाच नियम आपण आपणांस घालून घ्यावा. माथ्यावर थांबावे, दोन्ही ब्रेक निरनिराळे लावून पाहावेत, लिव्हर मऊ लागला तर उतरूच नये. ज्या गिअरने घाट चढलो त्याच्याच सुमाराने उतरावे. ब्रेक सतत धरून न ठेवता लावावा व सोडावा, आणि वास किंवा धूर येताच विसावा घ्यावा. पालकांनीही प्रवासाच्या आदल्या दिवशी मुलाच्या गाडीचे ब्रेक ऑइल, पॅड व केबल मेस्त्रीकडून पाहून घ्यावीत, आणि तेल दोन वर्षांनी बदलले आहे ना हे विचारावे. ज्यास अठरा वर्षे पुरी झाली नाहीत व परवाना मिळाला नाही, त्याच्या हाती मोटारसायकलची किल्लीच देऊ नये.

प्रभू येशूने सांगितलेल्या दहा कुमारींच्या दृष्टांतात शहाण्यांचे शहाणपण मध्यरात्रीच्या धावपळीत दिसले नाही. त्यांनी तेल आधीच बरोबर घेतले होते. घाटातही तसेच आहे. संकटात धीर उपयोगी पडतो खरा, परंतु माथ्यावर खर्च केलेली पाच मिनिटे त्याहून अधिक उपयोगी पडतात. आणि घरी दाराशी वाट पाहणाऱ्या आईला त्या पाच मिनिटांचा उशीर कधीच जड वाटत नाही.