नखाचं बूड आधी पाहा

डायनोसॉरचं नख विकत घेणारा माणूस टोकाकडे पाहतो. विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्याची सगळी कारागिरी टोकावर असते. मी कॉलेजात भूविज्ञान शिकवत होतो. निवृत्त झालो तरी लोक अजून दगड, दात, नखं दाखवायला घरी येतात. नख हातात आलं की मी ते उलटं करतो आणि बोटाला जिथे ते जोडलेलं असायचं ती बाजू आधी पाहतो.

मोरोक्कोच्या सहलीहून परतलेला एक जुना विद्यार्थी असंच एक नख घेऊन आला. वाळवंटाच्या कडेला एरफूद नावाचं गाव आहे, तिथल्या एका दुकानातून आणलेलं. मखमली डबी, आत विटकरी रंगाचं, वीतभर लांबीचं बाकदार नख आणि चिठ्ठीवर 'स्पायनोसॉरस, अस्सल' असा शेरा.

"सर, खरं आहे ना?"

"कुठला भाग?" मी विचारलं. त्याला वाटलं, मी थट्टा करतोय.

बूड उत्तम होतं. सांध्याच्या खोलगट भागात मधोमध उभा कंगोरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे. खालच्या अंगाला, सांध्यालगत, नख आत ओढणारा स्नायुबंध जिथे चिकटतो तो उंचवटा. एका कडेचा टवका उडाला होता, तिथे हाडाची आतली जाळी भिंगातून स्वच्छ दिसत होती. इतकं सगळं वाळू-गोंदातून घडवत बसणं कुणाला परवडत नाही.

मग मी बाजूची खाच धरली. मांसाहारी डायनोसॉरच्या नखाला दोन्ही अंगांनी एकेक खाच असते. ती बुडाकडून निघते आणि बाकाबरोबर वळत टोकापर्यंत जाते. जिवंतपणी या हाडावर शिंगासारख्या द्रव्याचं आवरण असायचं. ते सहसा टिकत नाही, खाच मात्र राहते. या नखाची खाच तिसऱ्या हिश्शापर्यंत आली आणि बुजली. पुढे टोकाजवळ ती पुन्हा उगवली, पण पहिल्या खाचेच्या रेषेत नव्हती, चांगली दोन-तीन मिलिमीटर वर सरकलेली. मधल्या भागात सगळीकडे सारख्याच आकाराचे वाळूचे कण, हाडाचं एकही छिद्र नाही. खोलीत अंधार करून अतिनील टॉर्च मारला तर तेवढाच पट्टा दुधी निळसर चमकला. ॲसिटोनचा बोळा फिरवल्यावर तिथली वाळू कापसाला चिकटून आली.

म्हणजे बूड खरं, टोकही खरं, पण दुसऱ्याच कुठल्या तरी नखाचं, आणि मधला भाग दुकानामागच्या खोलीत तयार झालेला.

पूर्ण रेझिनचं नख ओळखणं त्यामानाने सोपं. त्यात हवेचे बुडबुडे असतात, कडेने साच्याची शिवण असते आणि शेजारी ठेवलेलं दुसरं नख हुबेहूब तसंच असतं. फसगत होते ती जोडकामात. मोरोक्कोतल्या केम केम नावाच्या खडकांच्या थरांतली ही हाडं सुमारे साडेनऊ ते दहा कोटी वर्षांपूर्वीची. स्थानिक लोक डोंगराच्या अंगात अरुंद बोगदे खणून ती काढतात, आणि नखं बहुतेक वेळा मोडूनच बाहेर येतात. त्यामुळे जोड दिसला म्हणून नाक मुरडू नका. जोडाच्या दोन्ही बाजूंची खाच आणि बाक जुळत असेल तर ती प्रामाणिक दुरुस्ती. मला उलट जोड नसलेलं, चकचकीत, स्वस्त नख पाहिलं की धास्ती वाटते. विकत घेण्याआधी सरळ विचारायचं: किती भाग भरलेला आहे, कुठे? उत्तर बिलावर लिहून द्यायला दुकानदार का-कू करू लागला की निघायचं.

घरगुती कसोट्यांचं एक खूळ आहे. तापलेली सुई टोचू नका, खरं असेल तर तुम्हीच ते खराब कराल. जीभ लावून पाहणारे तर हमखास भेटतात. सच्छिद्र हाड जिभेला चिकटतं हे खरं, पण प्लास्टर आणि मातीही चिकटते, आणि वॉर्निश मारलेलं अस्सल हाड मुळीच चिकटत नाही. ॲसिटोनचीही एक गोम आहे. संग्रहालयातही ठिसूळ हाडाला पॅरालॉइडसारखं द्रावण पाजून मजबुती देतात, आणि तेही ॲसिटोनमध्ये विरघळतं. त्यामुळे पृष्ठभाग चिकट झाला एवढ्यावरून नख नकली ठरत नाही. सुटून काय येतं ते पाहायचं.

हाड अस्सल ठरलं तरी नाव ठरत नाही, आणि इथे भलेभले चकतात. १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यात विल्यम वॉकर या प्लंबरला मातीच्या खाणीत एक प्रचंड नख सापडलं, तेही तुकड्यांत. त्या प्राण्याचं बॅरिओनिक्स हे नाव १९८६ मध्ये जाहीर झालं, आणि तेही नखामागे बराचसा सांगाडा मिळाला म्हणून. अर्जेंटिनातल्या मेगारॅप्टरचं फूटभराहून मोठं नख १९९८ मध्ये पायाचं मानलं गेलं. पुढे जुळलेल्या हाडांचा पंजा मिळाला आणि ते हाताचं निघालं. जिथे तज्ज्ञांना शेजारचं हाड लागतं, तिथे दुकानदाराची चिठ्ठी काय सांगणार?

मोरोक्कोच्या मालावर तर 'रॅप्टर' हे नाव सर्रास दिसतं. तिथून त्या कुळाचा खात्रीचा सांगाडा अजून मिळालेला नाही. केम केमच्या थरांत स्पायनोसॉरस आहे, कारकॅरोडोंटोसॉरस आहे, आणि मगरींच्या नातलगांची तर रेलचेल. स्पायनोसॉरसच्या पायाची नखं खालून बरीच सपाट असतात, एवढी एक खूण उपयोगी पडते. पण सुटं, झिजलेलं नख असेल तर 'केम केम, मांसाहारी डायनोसॉर, बहुधा हाताचं' यापुढे मी जात नाही. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो, त्याला माझा इलाज नाही.

कागदांचं काय? मोरोक्कोतून जीवाश्म बाहेर न्यायला परवाना लागतो, आणि पर्यटकाला तो बहुधा कुणी देत नाही की मागतही नाही. मंगोलियाचा माल असेल तर हातच लावू नका, तिथले जीवाश्म देशाबाहेर विकायला बंदी आहे. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात टार्बोसॉरसच्या सांगाड्याला दहा लाख डॉलरवर बोली लागली. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१३ मध्ये सांगाडा मंगोलियाला परत करावा लागला. तो खरा होता, नावही बरोबर होतं, तरी घेणाऱ्याच्या हाती काही लागलं नाही.

आता आपल्याकडचं. सह्याद्रीत ट्रेकला जाणारी मुलं बाकदार गारा आणून 'नख' म्हणून दाखवतात. त्या बहुतेक काळ्या पाषाणाच्या पोकळीत साचलेल्या कॅल्सेडनीच्या कांड्या निघतात. भिंगाखाली छिद्रं नाहीत, सांधा नाही, उजेडाला धरलं तर कड किंचित पारदर्शक. थिजलेल्या लाव्ह्यात हाड शोधायला जाऊ नये. विदर्भात मात्र जरा जपून. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आणि डोंगरगावच्या परिसरात लाव्ह्याच्या आधीचे आणि मधले गाळाचे थर उघडे पडलेत. आयसिसॉरस हा अजस्र शाकाहारी डोंगरगावचाच. तिथल्या शेतात जाळीदार पोताचं काही दिसलं तर ते उपटू नका. शेजारी नाणं ठेवून जागेवरच फोटो काढा, मोबाईलवर अक्षांश-रेखांश नोंदवा आणि नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात कळवा. घरी आणलेल्या हाडाबद्दल मी विचारतो तो पहिला प्रश्न 'कुठल्या थरातलं?' हाच असतो, आणि एकदा ते पिशवीत पडलं की त्याचं उत्तर बहुतेकांना देता येत नाही.