‘उदास’ म्हणजे काय ?

“आज घर कसें उदास वाटतें,” असें आपण सहज बोलतों. येथें उदास म्हणजे खिन्न. पण हाच अर्थ मनांत धरून संतवाणी वाचली कीं घोटाळा होतो. तुकोबाराय प्रपंची माणसाला सांगतात कीं सचोटीनें पैसा मिळवावा आणि उदास मनानें खर्च करावा. ऐकणारा विचारतो, “म्हणजे रडत रडत खर्चायचा कीं काय ?” मुलानें माळ घातली कीं आईबापांनाहि धास्ती पडते : आतां हा उदास होणार, शेतांत लक्ष घालणार नाहीं !

तर आपण हा शब्द नीट पाहूं. ‘उद्’ म्हणजे वर आणि ‘आस्’ म्हणजे बसणें. चंद्रभागेला पूर आला असतां घाटाच्या वरच्या पायरीवर बसलेला माणूस पाणी सगळें पाहतो, पण वाहून जात नाहीं. तो उदासीन.

दुसरी खूण अशी, कीं शब्द कोणाच्या पंगतीला बसला आहे तें पाहावें. गीतेच्या १२ व्या अध्यायांत, १६ व्या श्लोकांत, भक्ताचीं लक्षणें आहेत. तेथें ‘उदासीन’ या शब्दाच्या अलीकडे ‘दक्ष’ आहे आणि पलीकडे ‘गतव्यथ’. दक्ष म्हणजे कामांत तत्पर, गतव्यथ म्हणजे ज्याची व्यथा गेली तो. मग उदासीन माणूस आळशी कसा आणि दुःखी तरी कसा ?

९ व्या अध्यायांत तर भगवंत स्वतःलाच उदासीनासारखा म्हणतात. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरींत माउलींनीं तेथें घरांतल्या दिव्याचा दृष्टांत दिला आहे. दिवा कोणाला काम सांगत नाहीं, कोणाला अडवीत नाहीं. पण घरचीं कामें चालतात तीं त्याच्याच उजेडांत.

आतां तुकोबांच्या त्या अभंगाकडे पुन्हा वळा. पुढें त्यांतच गाईगुरांचें पालन आहे, रानांत तहानेल्याला पाणी पाजणें आहे. म्हणजे उदास मन तें पैशाला न चिकटलेलें मन. हात मात्र मोकळा.

म्हणून आईबापांनो, भिऊं नका. मुलगा वेळेवर पिकाला पाणी देतो, आणि पीक बुडालें तरी त्याचा हरिपाठ चुकत नाहीं, असें दिसलें तर खुशाल म्हणा, आमचा पोरगा उदास झाला !