गाडी तीच, मान वेगळा : सेडानचं बाजारातलं स्थान

विपणनाच्या प्रकरणात आपण 'स्थान निर्धारण' हा शब्द वाचला. तो शिकवताना वर्गातल्या एकाने विचारलं, "सर, कोरपना-गडचांदूर रस्त्यावर एक जुनी लांब सेडान विकायला उभी आहे. एवढी मोठी गाडी अन् जुन्या बोलेरोपेक्षा सस्ती कशी काय?" प्रश्न पुस्तकातल्या स्वाध्यायापेक्षा चांगला आहे. आजचा पाठ त्याच्यावरच.

उदाहरण आपल्याच राज्यातलं घेऊ. औरंगाबादजवळच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा इथे 2001 पासून स्कोडा ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली. चेक देशात ही घरगुती गाडी, पोलीस आणि टॅक्सीवालेही ती वापरतात. आपल्याकडे मात्र ती साहेबाची गाडी झाली. यंत्र तेच, पण आजूबाजूला उभ्या गाड्या वेगळ्या! गाडीचं स्थान ठरतं ते असं, शेजाऱ्यांवरून.

पुढे गंमत बघा. 2005 मध्ये ऑक्टाव्हियाची नवी पिढी भारतात आली, पण जुनी अजून खपत होती. म्हणून जुनीचं नाव तसंच ठेवलं आणि नवीला 'लॉरा' म्हटलं. एकाच कुळातल्या दोन बहिणी, किमती वेगळ्या, गिऱ्हाईक वेगळं. 2011 मध्ये खालच्या पायरीवर रॅपिड आली. 2013 मध्ये तिसरी पिढी आली तेव्हा लॉरा हे नाव गेलं आणि ऑक्टाव्हिया परत आली, आता आणखी वरच्या पायरीवर. 2022 मध्ये रॅपिडच्या जागी स्लाव्हिया आली. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2651 मिमी. 2001 च्या ऑक्टाव्हियाचं 2512. म्हणजे आजची 'मध्यम' सेडान कालच्या साहेबी गाडीपेक्षा ऐसपैस आहे. वर्गाचं नाव तेवढं राहिलं, आतलं माप सरकलं.

सरकारी नियमही ओळख बदलतो. 2006 च्या अर्थसंकल्पात 4 मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्के झालं. 2008 ची डिझायर 4160 मिमी लांब होती. 2012 मध्ये डिकी आखडून ती 3995 वर आणली. मला ती डिकी कधीच आवडली नाही, पण गाडी तुफान खपली.

त्यानंतर त्याच पैशात उंच एसयूव्ही मिळू लागल्या आणि मध्यम सेडानचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. आपल्या भागात तर कारण उघडच आहे. सिमेंटच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर गाडीचं पोट घासलं की सेडानची हौस फिटते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. जुन्या गाडीची किंमत तिच्या आजच्या मानावर ठरते. सुट्या भागांची किंमत मात्र तिच्या मूळ मानावर. गाडी स्वस्त झाली म्हणून तिचा गिअरबॉक्स स्वस्त होत नाही. बोलेरोचं काम गडचांदूरला होऊन जातं, महागड्या सेडानसाठी चंद्रपूर किंवा नागपूर गाठावं लागतं. कापूस विकून आलेल्या पैशातून घरी गाडीचा विचार चालला असेल, तर हा हिशोब वडिलांना आधी मांडून दाखवा.

स्वाध्याय : गावातली एक जुनी सेडान निवडा. ती नवी असताना कोण घ्यायचं, आज कोण घेतं आणि तिचा क्लच कुठे, कितीत बसतो, हे मेकॅनिककडे विचारून वहीत लिहा.