दोष शेतातला नव्हता

मानोऱ्याहून आमच्या शेतकरी गटाने निर्यातीसाठी दिलेली हळद युरोपच्या बंदरावर अडली. कीटकनाशकांच्या तपासणीत ती पास झाली होती. सापडला तो इथिलीन ऑक्साइडचा अंश, आणि हा वायू आमच्यापैकी कुणी वापरलेलाच नव्हता. दळणाला माल गेला, तिथे जंतू मारायला तो सोडला होता. कागदावर मात्र नुसतंच ‘निर्जंतुक’.

गोदामात भुंग्यासाठी ठेवतात त्या फॉस्फाइडच्या गोळ्यांचा वायू वेगळा. (त्या गोळ्या राहत्या घरातल्या कट्ट्यांत कृपा करून ठेवू नका, माणसं दगावतात. धुरी परवानाधारकाकडूनच करून घ्या.) इथिलीन ऑक्साइड 11 अंशांच्या आसपासच उकळतो, म्हणून हवा दिली की उडून जाईल असं वाटतं. पण मालातल्या क्लोराइडशी मिळून त्याचं 2-क्लोरोइथेनॉल होतं आणि ते टिकून राहतं. युरोप दोन्ही मिळून मोजतो; मसाल्यांना मर्यादा किलोला 0.1 मिलिग्रॅम. अमेरिका नुसत्या वायूचेच 7 मिलिग्रॅम चालवून घेते. म्हणून ‘अमेरिकेला गेलेला माल आहे’ या बोलण्यावर युरोपचा सौदा करू नका. 2020 मध्ये भारतीय तीळ याच कारणाने युरोपात अडकले, 2024 मध्ये हाँगकाँगने आपले काही मसाले थांबवले.

मुळात वायू लागतो कशाला? साल्मोनेलासारख्या जंतूंसाठी. हळद शिजते तेव्हा बहुतेक जंतू मरतात. पुन्हा लागतात ते वाळवणात. उघड्या मातीवर पसरलेली हळद, त्यावरून फिरणारी कुत्री-कोंबड्या, रात्रीचं दव. खरं काम इथेच आहे. सिमेंटचा ओटा किंवा स्वच्छ ताडपत्री घ्या, भोवती जाळी लावा, संध्याकाळी हळद झाका. हळकुंड मोडताना खणखणीत आवाज आल्याशिवाय कट्टे भरू नका आणि भरलेले कट्टे फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा.

एवढं करूनही निर्जंतुक करावीच लागली तर वाफेची प्रक्रिया मागा. नवी मुंबईतल्या वाशीच्या विकिरण केंद्रात 2000 पासून मसाल्यांवर गॅमा किरणांची प्रक्रिया होते, पण ती वेष्टनावर छापावी लागते. खरेदीदाराला आधी विचारा.

सौद्यात ‘इथिलीन ऑक्साइड वापरणार नाही’ हे शब्द लिहून घ्या. तपासणी दळलेल्या मालाची हवी आणि अहवालात दोन्ही रसायनांची बेरीज हवी. माल सोपवताना त्याच ढिगातला एक नमुना दोघांच्या सह्यांनी सीलबंद करून आपल्याकडे ठेवा. आमच्याकडे तो होता. तो प्रयोगशाळेत निर्धोक निघाला, तेव्हाच आमचे अडवलेले पैसे सुटले.